खुलं पत्र : माझ्या देवाच्या नावानं कुणावर सक्ती नको

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि उत्सव समितीचे सर्व कार्यकर्ते,
आपली गृहनिर्माण संस्था, गिरगाव, मुंबई

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका मिळाली. तिच्यात उत्सव समितीचे तीन ठराव आहेत. गणेशोत्सवाची वर्गणी देखभालीच्या मासिक बिलात धरून सगळ्यांकडून घ्यावी. नेमून दिलेल्या दिवशी प्रत्येक घरातल्या माणसांनी आरतीला हजर राहावं. आणि ज्या घरात मृत्यूनंतरचे विधी झालेले नाहीत, त्या घराला उत्सवात कुठलाही मान देऊ नये. तिसरा ठराव कोणत्या घराकडे बोट दाखवतो हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या माघात माझे यजमान गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे आम्ही नेत्रदान केलं, देहदान केलं. दहावं, तेरावं केलं नाही.

मी देव मानते. माझं माहेर वारकऱ्यांचं. आईच्या गळ्यात माळ होती, माझ्याही आहे. इस्पितळात नर्स म्हणून नोकरी केली तेव्हाही एकादशी मोडली नाही. त्यामुळे हे पत्र मला कुणी नास्तिकानं लिहून दिलं असेल असा संशय कुणी घेऊ नये. देव मानणारी एक बाई देव मानणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांशी बोलते आहे. देव आहे की नाही, याचं उत्तर ज्याचं त्यानं शोधायचं असतं. दुसऱ्याला सापडलेलं उत्तर आपल्याला पटलं नाही, तरी ते त्याच्या हातून काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो जिवंत असताना नाही, आणि त्याला बोलता येत नसेल तेव्हा तर मुळीच नाही.

त्या दिवशी काय झालं ते तुमच्यातल्या काहींना माहीत आहे, पण सगळ्यांना नाही. म्हणून लिहिते.

ते पहाटे गेले. जन्मभर वॉर्डात काम केल्यामुळे पुढं काय करायचं ते माझ्या हातांना ठाऊक होतं. पंखा बंद केला. पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, डोक्याखाली दोन उशा सरकवल्या. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, तोवर ते सुकू नयेत म्हणून हे सगळं करायचं असतं. डॉक्टरांना दाखला लिहायला बोलावलं, नेत्रपेढीला फोन केला, वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला कळवलं. गंगाजलाची वाटी आणि तुळशीचं पान मी त्यांच्या उशाशी ठेवलं. तोंडात घातलं नाही. आमचं त्यावर फार आधी बोलणं झालं होतं. "मला पाजू नकोस. तुला बरं वाटत असेल तर जवळ ठेव," असं ते म्हणाले होते. त्यांनी माझ्यासाठी तेवढी जागा ठेवली होती, मीही तेवढ्यातच राहिले.

डोळे काढून झाले. मग ॲम्ब्युलन्स आली, आणि लिफ्टपाशी तुमच्यातले काही जण आडवे उभे राहिले. मला न विचारता गुरुजींना बोलावून आणलं होतं. "काकू, पाच मिनिटांचं काम आहे, रिकाम्या हातानं माणूस पाठवायचा नसतो," असं मला समजावलं गेलं. माझ्या मुलाला बाजूला घेऊन "तू मुलगा आहेस, तुझं कर्तव्य आहे," असं सांगितलं गेलं. त्याच्या अंगात तेव्हा वाद घालायचं त्राण नव्हतं. शेवटी गुरुजीच म्हणाले, "घरच्यांची इच्छा नसेल तर मी काही करणार नाही," आणि दक्षिणेचा विषयही न काढता ते निघून गेले. तुम्ही सगळे आस्तिक होता, पण त्या दिवशी धर्म जर कुणी पाळला असेल तर तो त्या गुरुजींनी, असं मी मानते.

पाच मिनिटांचं काम, हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या माणसानं समजायला लागल्यापासून कुठल्याही मूर्तीपुढं खोटा हात जोडला नाही, त्याच्याकडून तो बोलू शकत नाही अशी वेळ साधून ते करवून घ्यायचं. मग पाच मिनिटं काय आणि पाच दिवस काय. त्यात माझ्या देवाला काय मिळणार होतं? जो अंतरीचं जाणतो असं आपण म्हणतो, त्याला त्या देहात भक्ती नाही हे कळलं नसतं का?

यजमानांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण टॉवर झाल्यावर राहायला आलेल्यांनी त्यांना फक्त काठी टेकत वर्तमानपत्र आणायला जाताना पाहिलं आहे. ते जुळारी होते. इथल्याच एका छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पुढं ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले, तेव्हा ते मुद्रितशोधक झाले. जे जे जुळवलं ते ते त्यांनी वाचलं. आगरकर वाचले, फुले वाचले, पोथ्याही वाचल्या. विश्वाचा कुणी कर्ता आहे असं मानायला पुरेसं कारण मला सापडत नाही, या निष्कर्षाला ते अगदी शांतपणे आले होते.

ते शांतपणे आले होते, हे मुद्दाम लिहिते. कारण चाळीपासून आजपर्यंत मला हजारदा विचारलं गेलं की भाऊंचं नक्की काय बिनसलं? लहानपणी काही घडलं का? कुणी अकाली गेलं का? देवावर राग आहे का? माणूस देव मानत नाही म्हणजे त्याच्या काळजाला कुठं तरी जखम असणार, असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. जो आहे असं त्यांना वाटतच नव्हतं त्याच्यावर ते रागावणार कसे? उलट देवावर रागावण्याचा हक्क आपला, मानणाऱ्यांचा. तुकोबांनी विठोबाशी केवढं भांडण मांडलं, आपल्यापुरता देव मेला म्हणेपर्यंत मजल गेली, आणि तरी आपण त्यांनाच वारीच्या पुढं घेऊन चालतो.

आणि दुसऱ्या बाजूचंही सांगते. यजमानांचे काही बुद्धिवादी मित्र घरी यायचे. त्यातले एकदोघं देवघराकडे बघून म्हणायचे, "वहिनी, तुम्ही तर शिकलेल्या, विज्ञान वाचलेल्या!" जणू श्रद्धा ठेवणाऱ्या माणसानं कधी विचारच केलेला नसतो. तेही मला तितकंच लागायचं. त्यांना यजमानच थांबवायचे.

आमच्यात वाद होत नव्हते असं नाही. मी लहान मुलांच्या वॉर्डात असताना एका रात्री ड्यूटीवरून आले ती रडतच. ते म्हणाले, "त्या पोराचं कसलं पाप होतं ते तुझ्या देवाला विचार." मी चिडले. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, आजही देता येत नाही. कर्म, प्रारब्ध, परीक्षा हे शब्द मला कीर्तनातून माहीत आहेत, पण तापानं फणफणलेल्या मुलाच्या आईसमोर उभं राहून ते तोंडातून निघत नाहीत. तरीही माझा देव गेला नाही. उत्तरं मिळतात म्हणून मी त्याला मानत नव्हते. रात्रपाळीत वॉर्डात सगळं शांत झालं की कुणाशी तरी बोलावंसं वाटायचं, आणि मी बोलायचे, आणि ते कुणी तरी ऐकतं असं मला वाटायचं. याला कुणी पुरावा म्हणणार नाही, आणि यजमानांनाही तो पुरावा वाटला नाही. मला तो पुरतो. आम्ही दोघंही एकमेकांना पटवू शकलो नाही आणि एका ताटात जेवलो.

त्याच वॉर्डातली एक गोष्ट तुमच्यापुढं ठेवते. मुंबईच्या महापालिकेच्या इस्पितळात सगळ्या धर्मांची माणसं शेजारी शेजारी खाटांवर असतात. चादर बदलायला उशी उचलली की खाली काय काय निघायचं. अंगाऱ्याची पुडी, माहीमच्या दर्ग्यातला धागा, माउंट मेरीचं चित्र, स्वामींचा फोटो, बाबासाहेबांचा फोटो. एका हिंदू बाईच्या उशाखाली माहीमच्या चर्चमधली मेणबत्ती होती. तिथल्या बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला सगळ्या धर्मांचे लोक जातात, हे तुम्हालाही माहीत आहे. आमच्या हेडसिस्टर वसईच्या. त्यांची शिस्त अशी होती की उशाखालचं जे असेल ते बाजूला काढायचं, चादर घालायची आणि होतं तसं परत ठेवायचं. हसायचं नाही, विचारायचं नाही, फेकायचं नाही. काही उशांखाली काहीच नसायचं. तिथं आम्ही आपल्या मनानं काही ठेवलं नाही. वाईटात वाईट अवस्थेतल्या रोग्याच्या बाबतीतही नाही. ठेवावंसं वाटलं नाही असं नाही, पण ती उशी आमची नव्हती.

सभेच्या आधीच्या बैठकीत तुमच्यापैकी एकांनी विचारलं म्हणे, की ज्याला देवाचं भय नाही तो नीतीनं वागेल याची खात्री काय. त्यांना आपल्याच मंडळाची आरतीची पुस्तिका उघडून बघायला सांगते. वर्षानुवर्षं तिची मुद्रितं माझे यजमान तपासत होते, एक पैसा न घेता. 'दुःखहर्ता'मधला विसर्ग दर वेळी गळायचा, तो ते घालायचे. 'संकष्टी पावावे' छापून यायचं, ते 'संकटी' करायचे. 'फळीवर वंदना'चं 'फणिवरबंधना' त्यांनीच केलं. मी एकदा म्हटलं, तुम्हाला यात काही नाही तर इतका जीव का घालता? ते म्हणाले, "मला नसेल, म्हणणाऱ्यांना आहे ना." दरवर्षी इमारतीतली पोरंठोरं जी आरती शुद्ध म्हणतात ती देव न मानणाऱ्या माणसानं तपासून दिलेली आहे. मंडळाला ते वर्गणीही देत. फक्त पावतीवर 'रक्तदान शिबिरासाठी' असं लिहून घेत. या माणसाच्या घराला आता मान द्यायचा नाही, असा ठराव आहे.

हे आपल्या परंपरेत बसत नाही असं काही जण म्हणतात. कुठल्या परंपरेत? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नासदीय सूक्त आहे. ही सृष्टी कुठून आली हे परम आकाशातला तिचा अध्यक्ष जाणत असेल, किंवा कदाचित तोही जाणत नसेल, असं म्हणून ते संपतं. सांख्यांनी जगाची मांडणी करताना ईश्वराची गरज धरली नाही. मीमांसकांनी यज्ञाचा एवढा पसारा उभा केला, त्यालाही सृष्टिकर्ता लागला नाही. जैन आणि बौद्ध तर आहेतच. आणि माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात सगळी दर्शनं एका ग्रंथात मांडली तेव्हा पहिलं प्रकरण देव आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकाला दिलं. ते स्वतः वेदान्ती, चार्वाक त्यांना मान्य असण्याचं कारणच नाही. पण आधी त्याचं म्हणणं नीट मांडलं आणि मग पुढं गेले.

आपल्या गिरगावाचंच बघा. प्रार्थना समाज म्हटलं की आपल्याला बसचा थांबा आठवतो. १८६७ साली डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी तो समाज या मुंबईत काढला. ते देव मानत, पण मूर्ती मानत नसत. त्याच्याही आधी, १८४९च्या सुमारास, त्यांचे थोरले बंधू दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकारानं परमहंस मंडळी निघाली. जात मोडायची, एकच ईश्वर मानायचा, पण सगळं गुपचूप. कारण जातभाई वाळीत टाकतील. पुढं सभासदांची नावं बाहेर फुटली आणि मंडळी पांगली. शिकलेली, मोठ्या हुद्द्यांवरची माणसं होती ती, तरी मनातलं उघड बोलण्याची सोय नव्हती. आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्याच गिरगावात १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, आणि त्याचा मला अभिमान आहे. या दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. एक ठेवायची आणि दुसरी पुसायची, असं करता येणार नाही.

आता कायद्याचं. ते माझ्यापेक्षा तुमच्यातल्या वकिलांना जास्त कळतं, पण यजमानांनी कात्रणं जपून ठेवली होती, ती मी वाचली आहेत. १७ ऑक्टोबर १९४९ या दिवशी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालू होती. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती सुचवली की उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी. थानू पिल्ले म्हणाले की ही श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होईल. हृदयनाथ कुंझरूंनी विरोध केला. पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं की देवावर मत द्यायची पाळी आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत. मतं पडली, बाजूनं ४१, विरोधात ६८. ज्या देशात पहाटेपासून देवळं उघडतात त्या देशाच्या संविधान सभेनं हे केलं, आणि त्यामुळे कुठल्याही देवळातली घंटा थांबली नाही. त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याला दोन वाटा दिल्या आहेत. ईश्वरसाक्ष शपथ घ्या किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. राज्य चालवणाऱ्याला जी मोकळीक आहे ती आपल्या इमारतीत राहणाऱ्याला नसावी का?

मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निकालही त्या कात्रणांत आहेत. २०१३चा निकाल नाशिकच्या एका शिक्षकाचा. शाळेत प्रार्थनेच्या वेळी ते हात जोडत नसत म्हणून त्यांची वेतनवाढ अडवली होती. न्यायालयानं सांगितलं की हात जोडायची सक्ती करता येणार नाही. दुसरा २०१४चा. आम्ही कुठल्याच धर्माचे नाही अशी नोंद राजपत्रात करून मागणाऱ्यांना नकार मिळाला होता. अनुच्छेद २५नं दिलेल्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात 'मला धर्म नाही' असं म्हणण्याचं स्वातंत्र्यही येतं, आणि धर्म सांगण्याची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही, असं न्यायालय म्हणालं. ते अर्जदार येशूला मानणारे होते, हे मला विशेष वाटलं. देव मानणारी माणसं धर्माच्या रकान्याबाहेर उभं राहू पाहत होती. माणसांच्या मनात काय काय असतं ते आपल्या दोनचार खणांत मावत नाही.

ठरावांकडे वळते. वर्गणीचं सांगायचं तर आदर्श उपविधींत देखभालीच्या बिलात काय घेता येतं ते लिहिलेलं आहे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, सामाईक वीज, दुरुस्ती, लिफ्ट, सिंकिंग फंड, विमा वगैरे. उत्सवाची वर्गणी त्यात नाही. मी वर्गणी देत आले, यंदाही देईन, जमलं तर जास्त देईन. पावतीपुस्तक घेऊन नेहमीसारखे दारात या, चहा घेऊन जा. बिलात घालून पाठवलीत तर त्या रकमेपुरतं बिल मी भरणार नाही.

आरतीच्या सक्तीबद्दल तर मला तुमचं आश्चर्य वाटतं. दुसऱ्या मजल्यावर जे कुटुंब आहे, त्यांच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली होती. त्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. ती घरातल्या मुलांनाही पाठ आहे. त्यांना तुम्ही आरतीला उभं राहायला सांगणार? ते आजवर उत्सवात येतात, मांडवात खुर्च्या लावतात, प्रसादही घेतात, ते आपल्या मर्जीनं आणि शेजारधर्म म्हणून. हजेरी लावलीत की तेही यायचे बंद होतील. सहाव्या मजल्यावरच्या कॅथलिक बाईंचंही तेच. माझ्या मुलाचं म्हणाल तर त्याला अजून नक्की काय वाटतं ते त्यालाच ठरवता आलेलं नाही. त्याला ठरवू द्या. जबरदस्तीनं टाळ्या वाजवायला लावून तो माझ्या बाजूला येणार नाही, हे मी त्याची आई म्हणून सांगते.

तिसरा ठराव मागं घ्या, एवढंच मी म्हणेन. कुणाच्या घरी कुणी गेलं तर तिथं डबा न्यायचा, लहान मुलांना आपल्या घरी झोपवायचं, दाखल्यासाठी कुणी तरी वॉर्ड ऑफिसात जायचं, ही आपल्या चाळीची रीत होती. विधी काय केले हे कुणी तपासत नव्हतं. यजमान गेल्यावर तुमच्यातल्याच कित्येकांनी आमच्याकडे आठवडाभर चूल पेटू दिली नाही, ते मी विसरलेले नाही. पॅसेजमध्ये परस्पर शांतीचा विधी केला गेला, तोही विसरलेले नाही. मला न विचारता, माझ्याच दारासमोर. त्या दिवशी मी आत बसून हरिपाठ म्हणत होते आणि बाहेर माझं घर शुद्ध केलं जात होतं.

उत्सव समितीत यंदा हिशोबाला माणूस कमी आहे असं ऐकलं. माझ्या मुलाला घ्या, तो तयार आहे. आरतीच्या पुस्तिकेची मुद्रितं माझ्याकडे पाठवा, मला चष्मा लावून वाचता येतं. नेमून न देता ज्याला हवा त्याला आरतीचा दिवस द्या, मी पंचमीचा मागते.

हे पत्र सभेत मोठ्यानं वाचून दाखवावं आणि इतिवृत्तात त्याची नोंद व्हावी ही विनंती. मतदान हात वर करून घ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठरावाच्या विरोधात माझा हात वर असेल, पहिल्याच्याही.

आपली शेजारीण,
चौथा मजला